बिल्ल्याची जागा

येळ्ळूरचा भरमाण्णा सॅपर दुकानात आला,
पिशवीत जर्सी. "बिल्ला बसव परत, पोरीला दाखवायचाय."
बाहीवर बिल्ला नव्हताच.
होती त्याच्याएवढी न विटलेली जागा,
गडद हिरवी,
बेली पूल उचलून नेल्यावर
मार्कंडेयच्या काठाला राहते तशी.

आजोबांच्या डब्यात बिल्ले पितळी होते,
मागे दोन कड्या, चिंचेने घासायचे.
वडिलांनी लोकरीत भरले:
पाणबुड्याच्या टोपाला चौदा टाके,
तेरा झाले तर उसवायचे.
माझ्याकडे मशीन. आणि हल्ली
चिकटपट्टी, खर्र करून निघते,
कॅम्पात दिवसाला शंभर.

"कुठला लावू?"
"सुरुंग काढायचा."
मग बराच वेळ कात्रीकडे बघत बसला.
"परीक्षेला सहा जण होतो आम्ही.
तुझ्या बाबांनी पाच शिवले."

मी डबा उघडला. लोकरीचा एक सापडला,
कसर लागलेला.
त्याने उलटापालटा केला, परत ठेवला.
"असू दे. त्या जागेला नुसती
कडेने टीप मार."

हिरवा दोरा ओवला.
चारी बाजू झाल्या, गाठ मारणार
तर म्हणाला, "साकु,"
आणि बाही घडीच्या आत घातली,
ऊन लागू नये म्हणून.