एक, तीन, चार, दोन

सांगलीवाले साहेब, चपला राहू द्या पायात,
इथं ऑइल सांडलं हाय.
बसा त्या टायरवर.
हे पाहा इंजिन. स्टँडर्ड व्हँगार्डचं.
कसं बसलं हाय स्टँडवर,
पारावर आनून बसवलेल्या नवरदेवावानी.

गाडी कोनाची होती, तुमी इचारता.
जिनिंगच्या कोन्या मॅनेजरची, म्हनतात.
मंग दोन वकिलायची. मंग कोनाचीच नाई.
बॉडी धामनगावच्या भंगारात कापल्या गेली.
मागची सीट तळेगाव फाट्यावरच्या हॉटेलात हाय,
आत्ता तुमी जिच्यावर बसून चहा पेले, तेच.

म्या उघडलं तवा
तिसऱ्या पिस्टनवर उंदरानं सरकी साठवली होती. पसाभर.
क्रँक घासाले अमरावतीले नेला,
एसटीत, मांडीवर घेऊन.
कंडक्टरनं त्याचंबी अर्धं तिकीट फाडलं.
दोन वर्सं गेली अशी.

ओरिजिनल हाय का म्हनता.
खोटं नाई सांगत.
लायनर याचे नाईत.
बळवंत गावंड्याच्या फर्ग्युसनचे हायेत, राखी ट्रॅक्टरचे.
कंपनीनं एकच इंजिन केलं होतं, साहेब,
एक भाऊ गाडीत बसवला, दुसरा नांगराले जुंपला.
याले डांबर माईत, त्याले वावर.
म्या दोघायले एका घरात आनलं.
आता कोन ओरिजिनल, हे तुमीच ठरवा.

सरका उलसे. हँडल मारतो.

पहिल्याले नाई. दुसऱ्याले नाई.
तिसऱ्याले,
एक. तीन. चार. दोन.
एक तीन चार दोन
एकतीनचारदोनएकतीनचारदोन,
छपराचे टीन वाजाले लागले.

*

रस्त्याच्या त्या अंगाले, कडूनिंबाखाली,
गावंडेबुवा उठले.
ऐंशीच्या वर वय. काठी तिथंच इसरले.
आले, रॉकर कव्हरवर हात ठेवला,
ताप पाहावा तसा,
डोये मिटले, आनि म्हनाले,
"पहिला अजून खोकलते रे.
एक्क्याऐंशीत बिनपान्याचा तापवला होता म्या."

घ्या.
जो आवाज म्या चार महिने
टॅपेटच्या नावावर खपवत होतो
थो बुवानं सालासकट सांगतला.
सांगलीवाल्यानं तिथंच पाच हजार कापले.
म्या बुवाकडं पाह्यलं.
बुवा खुशीत. त्यायची ओयख पटली होती,
भावात त्यायले काय करायचं.

एक लाख पस्तीस.
पिकअपमधी तुरीचं कुटार पसरलं,
त्याच्यावर इंजिन, वरून ताडपत्री.
नंबर पुसून पुसून फोटो काढला त्यानं.
पुढच्या साली एखांद्या मैदानात
गाड्यायच्या रांगेत उभी राहीन थे व्हँगार्ड,
लोक बोनटमधी वाकून पाहातीन,
आनि कोनाच्या तरी गॉगलले
कुटाराची काडी चिकटन.

एक गोष्ट मातर म्या त्याले सांगतली नाई.

लायनरच्या बुडाले गास्केट लागते,
इंग्रजी आठासारखं,
पानी तेलात उतरू नये म्हनून.
थे भेटलं नाई. नागपूरले नाई, इंदूरले नाई.
मंग एका रात्री, मागच्या अंगनात,
म्या आंघोयीचं घंगाय भट्टीत घातलं,
तांब्याचं, कौतिकाच्या माहेरचं,
जरासं गयत होतं तसंबी.
ठोकलं, पातय केलं, कातरीनं आठ कापले.
तिनं इचारलं तवा म्हनलं, भंगारवाल्याले देल्लं.
ती काई बोलली नाई.
दोन वर्सं बालटीनं पानी घेतलं तिनं.

संध्याकायी स्टँड रिकामा.
खाली खरड्यावर तेलाचे थेंब,
पाचवा थेंब कुठून आला, समजलं नाई.
नोटा कौतिकापुढं ठेवल्या.
तिनं पदराले हात पुसले, मोजल्या,
मंग परत पहिल्यापासून मोजल्या,
आनि म्हनाली,
"याच्यातून घंगायाचे येगये काढा."