टंच

आमच्याकडं घरटी एक गलाईवाला.
कुणी कोइमतूरला, कुणी सिलीगुडीला,
कुणी पार तिकडं, जिथली भाषा पोरांना येते, आयांना येत नाही.
पेढीमागच्या बोळात भट्टी लावायची,
जुना दागिना वितळवायचा, तेजाबात सोडायचा.
भेसळ तेवढी ते खाऊन टाकतं,
सोनं तळाशी उरतं.
लग्नात मला हे कौतुकानं सांगितलं होतं.

सुट्टीला येताना त्यानं बाटली गावी कशाला आणली
हे पंचनाम्यात कुणी विचारलं नाही.

मिरजेच्या सिव्हिलात डॉक्टरांनी लिहिलं, अठरा टक्के.
डावा गाल, कान, मान, खांद्याचा वरचा भाग.
डोळा वेगळा. डोळ्याचा आकडा वेगळ्या कागदावर.
मला सासऱ्यांची चिठ्ठी आठवली,
टंच काढला की लिहायचे ती:
एवढं शुद्ध, एवढी घट.

वॉर्डात तांबोळीबाई आल्या,
गळ्यात विधी स्वयंसेवकाचं ओळखपत्र.
"योजना आहे सरकारची. अर्ज मी लिहिते, तू फक्त सही कर.
उजवा हात बरा आहे ना?"
मी पाणी मागितलं. स्ट्रॉ नव्हती.
त्या खाली जाऊन शहाळंवाल्याकडून मागून आल्या.
मग अर्ज.

विटा, तासगाव, सांगली. सकाळची एसटी. सात खेपा.
पहिल्या खेपेला फिर्यादीची प्रत ठाण्यातून आलेली नव्हती.
दुसऱ्या खेपेला आली होती, माझं वय चुकलं होतं.
तिसऱ्या खेपेला साहेब रजेवर.
विजयनगरच्या कचेरीत ऐवळे नावाचा कारकून,
स्वतःची खुर्ची ओढून देणारा,
बोलताना फाईलमध्ये न लपणारा.
त्यानं पाठकोऱ्या कागदावर रेघा मारून समजावलं:
"हे बघा ताई, आरोपी सापडो, सुटो,
हे पैसे त्याचे नाहीत.
उपचाराला थोडे आधी. मग समिती बसेल.
मंजूर झाले की चौथा हिस्सा तुमच्या हातात,
तीन हिस्से दहा वर्षं ठेवीत. व्याज तेवढं मिळेल."
"दहा वर्षं कशाला?"
तो जरा थांबला.
"घरच्यांनी काढून घेऊ नयेत म्हणून."
आई शेजारीच बसली होती.
तिनं पदर नीट केला.

निघताना म्हणाला, हळू,
"कोर्टात जबाब फिरवला तर परत वसूल होतात. माहीत असू दे."

चौथ्या आणि पाचव्या खेपेच्या मधे सासरे आले.
आत आले नाहीत. पायरीवर बसून रुमाल सोडला.
दोन बिस्किटं, शिक्क्याची.
"सरकार देतंय त्याच्या दुप्पट हाय.
एवढंच म्हन, बाटली लवंडली."
मी एक हातावर घेतलं.
पिवळं, जड, कुठं डाग नाही.
"मामंजी," म्हटलं, "घट किती आली यात?"
त्यांना कळलं नाही. किंवा कळलं.
चहा न घेता गेले.

रात्री अंधारात आई बोटांवर हिशेब करत होती,
मला ऐकू येत होता.
मीपण केला. खोटं कशाला बोलू.

जबाब आहे तसाच ठेवला.

बँकेत साहेब आधार बघतो, मला बघतो, परत आधार बघतो.
"फोटो जुळत नाही."
"जुळायचा नाही."
"नवीन लागेल मग. दोन प्रती."
स्टुडिओतलं पोरगं विचारतं, उजवीकडून काढू का ताई?
चांगल्या घरचं असावं.
"समोरून काढ," म्हटलं. "बँकेला समोरून लागतो."

ठेवीच्या फॉर्मवर मुदत, दहा वर्षांपुढची तारीख.
तोवर मी बेचाळीसची.
खाली वारसाचा रकाना.
आईचं नाव लिहायला घेतलं, आईचं वय आठवलं.
भावाचं लिहिलं असतं.
दोरीला बांधलेलं पेन काउंटरच्या कडेपर्यंतच पोचतं,
मी ते तिथंच धरून उभी,
आणि मागची बाई म्हणते,
व्हय गं, झालं का न्हाई तुझं?