आपोआप

लंडनच्या लाइम स्ट्रीटवर, तिसऱ्या मजल्यावर
मेरिएल प्रॉसर युद्धाचा भाव ठरवते.
भाव म्हणजे टक्का,
जहाजाच्या किमतीवर, सात दिवसांपुरता.
काळा समुद्र आज एक. तांबडा समुद्र पाऊण.
तैवानची सामुद्रधुनी –
ती पेन्सिल चावते –
शून्य, टिंब, शून्य, मग कुठे एक पाच.

कोथिंबिरीची जुडी उलटीसुलटी करून पाहावी
तशी ती बातम्या पाहते:
कुठल्या आरमाराने कुठे वळण घेतलं,
कुठल्या राजदूताने चहा अर्धा सोडला.

पिरेयसहून अर्गिरिसचा फोन. घासाघीस.
"बाई, लढणार नाहीत ते.
एकमेकांचे देणेकरी आहेत, गिऱ्हाईक आहेत.
आपल्याच दुकानाला कोण आग लावतं?"
"खूप जण लावतात, अर्गिरिस.
मी विम्यात आहे, मला विचार."
तो खो खो हसतो.
ती भाव थोडा उतरवते, तरीही.

पॉलिसीच्या अकराव्या पानावर, बारीक टाइपात
एक जुनं कलम आहे.
त्यात पाच देशांची नावं.
त्यांतल्या कुठल्याही दोघांत युद्ध पेटलं,
जाहीर केलेलं असो वा नसो,
तर हा करार संपतो. आपोआप.
नोटीस नाही, सही नाही,
जहाज भर समुद्रात असलं तरी.

कारण मग कोण भरणार,
कुणाला,
आणि कोणत्या चलनात?

तिचा बाप आयवर, वेल्समधल्या एका टेकडीवर
दर बुधवारी लोखंडी झाकण उघडून शिडीने खाली जायचा.
तिघे जण, दोन बाकडी, एक केटली.
बॉम्ब पडला तर किती मोठा, किती लांब,
ते मोजायचं आणि फोनवर कळवायचं, याचा सराव.
सात वर्षांच्या मेरिएलने विचारलं होतं,
"आणि कळवून झालं की?"
बुटाचा चिखल पायरीवर खरवडत तो म्हणाला,
"मग शिफ्ट संपते."
पुढे सरकारने ते झाकण बंद केलं.
बापाला केटली घरी नेऊ दिली.

मेरिएलला वाटतं, त्या पाचांच्याही तिजोरीत
असं एक अकरावं पान असणार.
म्हणून तर एकमेकांच्या बोटींवर ते
रंगपंचमी असल्यासारखे पाण्याचे फवारे मारतात,
विमानं पंखाला पंख घासून नेतात,
आणि जेवायच्या वेळेला घरी जातात.
अजून तरी जातात.
पण एखादा वैमानिक चोवीस वर्षांचा असतो,
रात्रभर झोपलेला नसतो,
त्याने ते पान वाचलेलं नसतं.
या गोष्टीला तिच्याकडे भाव नाही.
एकदा तिने आकडा लिहून पाहिला होता.
मग खोडरबराने पुसला, नीट, कागद फाटू न देता.

सहा वाजले. अर्गिरिसच्या 'इव्हान्थिया'ची पॉलिसी
छापून बाहेर येते आहे.
जहाजावर बावीस माणसं,
स्वयंपाकी सेबूचा, त्याचं नाव यादीत शेवटी.
बाकीची पानं ठीक.
अकरावं फिकट आलंय, जवळजवळ कोरं.
क्षणभर ती ते तसंच धरून बसते,
दिव्याकडे, आरपार.

मग उठते,
यंत्राच्या पोटातून शाईची नळी काढते,
दोन्ही हातांनी हलवते
आणि ते पान पुन्हा छापते.
या वेळी अक्षरं ठळक येतात.