अकरावी

शकूरभाईनं ती किलोच्या भावात दिली,
तांब्याच्या तारांखाली दबलेली,
कव्हर नाही, स्क्रू गंजलेले,
पाठीवर बॉलपेननं फक्त ११/२०.

वीसच काढल्या होत्या ज्ञानोबा डोईफोडेनं,
जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये, रात्रपाळीला,
मोज्यात गुंडाळलेला माइक लाल सळ्यांपुढं धरून,
वर जळक्या अँप्लिफायरची शिट्टी, ताणत ताणत नेलेली.
सात माझ्याकडं आहेत.
एक परतूरला मिळाली, टेबलाच्या लंगड्या पायाखाली.

बायको म्हणते, मिक्सर लावू का, तोबी असाच वाजतो.
नाही वाजत.
मिक्सरला थांबायचं माहीत असतं.

आज हेडफोन घालून बसलो. लोखंड आलं,
शिट्टी आली, दाढेत उतरली,
चौदाव्या मिनिटाला खट्ट,
आणि कुणाच्या तरी हळदीतला माणूस :
हॅलो, हॅलो, मंठ्याच्या पाहुण्यांनी जेवायला बसून घ्यावं.
मग बायकांचं हसणं, वरण, अगं वरण इकडं,
एक पोरगं रडायलंय, त्याला कुणी उचलेना.

वहीत लिहिलं : प्रत अकरा, अर्धी पुसलेली.
किमतीची जागा कोरी ठेवली.

ज्ञानोबाची आता भोकरदनला पिठाची गिरणी आहे,
फोनवर ओरडावं लागतं.
"मीच भरली तिच्यावर," तो म्हणाला,
"बहिणीची हळद होती, दुसरी कॅसेट कुठून आणू?"

मी विचारलं, ते रडणारं पोरगं कुणाचं?
पट्टा फडफडत होता.
"काय? किती किलो?"