शिफ्टची अक्षरं

मोडलं नाही, नुसतं लचकलंय,
डॉक्टर बाद्री म्हणाले, एक्स-रे उजेडाला धरून,
जरा हिरमुसलेच.
अक्रोड झोडपताना स्टुलाचा एक पाय मातीत रुतला
आणि मी डाव्या हातावर आले.
शेजारच्या गुलनाझीनं आधी अक्रोड गोळा केले,
मग मला.

तीन आठवडे पट्टा. राखाडी, चर्रकन उघडणारा.
त्यातून डोकावणारी बोटं
अजून अक्रोडाच्या सालीनं काळी,
दुसऱ्या कुणाची तरी,
सांभाळायला दिल्यासारखी.

कुतैसीच्या बाजारामागे माझं दुकान:
झेरॉक्स, लॅमिनेशन, अर्ज व पत्रे टाइप करून मिळतील.
एका हातानं टाळी वाजत नाही.
अर्ज होतो. वेळ लागतो.
उजवा हात कोंबडीसारखा टिपत फिरतो
या टोकापासून त्या टोकापर्यंत
आणि डावा मांडीवर बसून बघतो,
घरी काम निघालं की पाहुणे बघतात तसा.

आमच्या लिपीत मोठी अक्षरं नाहीत, लहान नाहीत.
राजा आणि राजमा सारख्याच उंचीचे.
पण अक्षरं तेहतीस, कळा सव्वीस,
म्हणून सात जणांना शिफ्टच्या मागे उभं केलंय.
डाव्या करंगळीनं दार धरून ठेवायचं,
मग ते बाहेर येतात.
ती कळ दाबली की ही कळ
थेट कोपरापर्यंत.

देव, भाऊ, बर्फ, वाइन,
सगळ्यांची सुरुवात त्या सातांतल्याच कुणापासून तरी.
दार उघडलं नाही
तर घशातल्या घ चा र होतो, श चा स.
घामे म्हणजे रात्र,
तिची होते रामे:
काहीतरी.

वर्लाम मंगळवारी येतो.
त्याची लामारा इटलीत, बारीला,
एका म्हातारीला न्हाऊ-माखू घालते. सात वर्षं झाली.
तो सांगतो, मी टाइप करते.
गाय विकली. छप्पर झालं. रात्र मोठी असते आता.
खाली: तुझा, वर्लाम.

त्या दिवशी रांग होती, पट्ट्याखाली खाज होती,
न वाचताच पाठवून दिलं.
काहीतरी मोठं असतं आता,
असं गेलं तिच्याकडे.
आणि खाली शेनीच्या जागी सेनी.
शेनी म्हणजे तुझा.
सेनी म्हणजे आजार.
आजार, वर्लाम.

त्याच रात्री तिचा फोन आला म्हणे.
एरवी पैसे पाठवते आणि एक अंगठा.
या वेळी चाळीस मिनिटं:
कुठे दुखतं, कधीपासून, डॉक्टर कोण,
खोकून दाखव. परत खोक.
काही नाही गं, काही नाही, म्हणत राहिला तो
आणि फोन मात्र ठेवेना.

आज पट्टा सुटला.
मनगट सोललेल्या काडीसारखं, पांढरं, ओळख न देणारं.
वर्लाम टोपी काढून आला,
काउंटरवर चीजचा गोळा, ओल्या फडक्यात.
अक्रोड नाही आणले, म्हणाला,
तुला पुरे झाले असतील.

टोमॅटो बाटल्यांत भरले. कुत्रीला चार पिल्लं झाली.
थांबला.
मग झेरॉक्सच्या घरघरीआड, हळूच:
खाली मागच्यासारखंच लिही.

ती चूक होती, मी म्हटलं.
माहितेय.
टोपी बोटांवर गोल फिरत राहिली.
खरंच काही आहे का?
तो दाराबाहेर बघायला लागला.
बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं,
कोबीचा एक ट्रक
आणि त्याच्यामागे अडकलेला दुसरा.

रांगेतली बाई जन्मदाखल्यानं वारा घेतेय.
करंगळी शिफ्टवर नेली.
दुखत नाही.
आता मुळीच दुखत नाही.
तशीच ठेवून बसले आहे.