निळी फाइल

पद्मनाभ,
मॉरिस्टनच्या त्या खुर्चीत चार चार तास
तुझं रक्त एकटंच फिरून येतं यंत्रातून,
तू मात्र जागच्या जागी.
म्हणून ही फाइल.
आमच्या बुधवारच्या मंडळींनी लिहिलेली प्रवासाची पानं.
एक हात मोकळा असतो ना तुझा? पुरे.

सगळं वाचायलाच हवं असं नाही.
आधी शरयू दिवेकर.
ध्रुवप्रकाश बघायला शेटलंडला गेली,
तीन रात्री आभाळ गच्च, काही म्हणजे काही दिसलं नाही.
अकरा पानं लिहिलीत, त्यातली नऊ
घरमालकिणीच्या चहाच्या किटलीवर.
किटलीला लोकरीचं टोपडं,
कानांना झाकायचे बंद असलेलं,
तान्ह्या बाळाच्या मापाचं.
ते टोपडं वाच. घाई करू नकोस.

मुळ्यांचं वगळलंस तरी चालेल.
एकतीस देश, हॉटेलांची भाडी,
वरणभात कुठे मिळाला त्याची तारीखवार नोंद.
पण थांब, पान चौदा. लिस्बनचा विमानतळ.
पट्ट्यावरून बायकोची लाल बॅग फिरत येते.
ती जाऊन सात महिने झालेले,
आत ह्यांचेच शर्ट,
आणि हा माणूस ती बॅग दोनदा
समोरून पुढे जाऊ देतो.
पुढच्याच ओळीत टॅक्सीचे बावीस युरो.
पेन्सिलीने खूण केली आहे मी.

ब्रायनीचं अक्षर लागत नाही, नादी लागू नकोस.
उंटावर बसली, पडली. सारांश एवढाच.

आता ओवेन प्रिचर्ड.
हे शेवटी ठेव, यंत्र बोंबलायला
अर्धा तास उरला की.
माणसाचा जन्म खाणीत गेला, भाषाही तशीच:
वाकून चालावं लागतं,
मग एकदम हाताला कोळसा लागतो.
प्रवास किती? स्वान्सी ते कारमार्थेन, बसनं.
चौऱ्याऐंशीचा डिसेंबर, संपाचं वर्ष,
खिशात परतीचे पैसे नाहीत,
धुकं असं की वायपर काय पुसतोय कळेना.
हा चुकीच्या थांब्यावर उतरला,
उजेड दिसला त्या घरात शिरला.
तिथे मयत झालेलं.
कुणी विचारलं नाही तू कोण,
हातात सँडविच दिलं,
मग म्हणाले, दोन शब्द बोला.
आणि हा बोलला, अरे!
कधी न पाहिलेल्या माणसाबद्दल सहा मिनिटं.
काय बोलला ते मी सांगणार नाही.

तुला चुका सापडतील.
सत्तावीस वर्षं तो रस्ता हाकलास,
त्या वळणावर थांबाच नाही हे तर मलाही ठाऊक.
म्हणून विचारलं, तर ओवेन कप पुसत राहिला.
म्हणाला, नव्हताच थांबा.
मागच्या सीटवर रडत होतो,
ते कसं लिहायचं? म्हणून थांबा चुकवला.
ड्रायव्हरनंच गाडी उभी केली,
टॉर्च घेऊन फाटकापर्यंत आला,
तिकिटाचं नावही काढलं नाही.
वाटभर आपला काहीतरी पुटपुटत होता,
वेल्श नव्हे, इंग्रजी नव्हे,
आकडे मोजल्यासारखं.

रोहिणी सांगायची,
धुक्यात तू पावकी म्हणायचास.

मी काही बोलले नाही त्याला.
त्या साली आणखी कुणी असेल,
किंवा ओवेन हेही रचत असेल, त्याचा भरवसा नाही.
फाइल शुक्रवारपर्यंत दे,
सिस्टर मेगनकडे ठेवलीस तरी चालेल,
शरयूला तिचं शेपूट कापायचं आहे.
मुळ्यांच्या पानांवर चहा सांडू नकोस, ते रागावतात.
ओवेननं समास भरपूर सोडलाय.
पेन आत अडकवलं आहे,
डाव्या हातानंही उमटतं.