मधे काही होतं का

झटक्यानंतर आप्पांना दिसेनासं झालं.
डोळे शाबूत. पापणी लवते, बुबुळं फिरतात,
बिघाड मागे, कवटीच्या तळघरात.
शरणपूर रोडच्या डॉक्टरीणबाईंनी
फिल्म उजेडाला धरून दाखवली मला.
आप्पा खुर्चीतून म्हणाले, "काय दाखवतायत?"

मग बाईंनी पुठ्ठ्याला पाडलेली फट धरली समोर,
आप्पांच्या हातात दिलं जुनं लाइटबिल.
"फट उभी की आडवी?"
"अहो, मला तुम्हीच दिसत नाही. फट कुठली?"
"बरं. टाका आत."

फट तिरपी होती.
मनगट वाटेतच तिरपं झालं.
सात वेळा कोन बदलला बाईंनी,
सहा वेळा बिल आत.

आप्पा म्हणाले, "लागला मटका."
रिक्षात मात्र गप्प बसले,
चोरी न करता पकडल्यासारखे.

तांबट लेनच्या तोंडाशी
मी त्यांचा हात सोडला.
का सोडला, नका विचारू.
दुपारचा माल गल्लीभर मांडलेला,
घागरींवर घागरी, कुणाची तरी आडवी स्कूटर,
दोरीला टांगलेलं घंगाळ बरोबर कपाळाच्या उंचीवर.

ते चालले.
परातीला वळसा.
स्कूटरच्या आरशापासून खांदा आत.
घंगाळाखाली मान एवढीशी झुकली,
देवळाच्या बुटक्या दाराशी झुकते तशी.

"मधे काही होतं का गं?"
"नाही."
"मग सरळच आलो."
"सरळच आलात."

चौदाव्या वर्षी हट्टाने मीही बसले होते
त्यांच्या ऐरणीशी, आणि अंगठा ठेचून घेतला होता.
हळद दाबत ते ओरडलेले,
"ठोक्याकडे काय बघतेस, निमे?
हाताला बघू दे की!"
तेव्हा मला वाटलं, बोलायची पद्धत आहे.

आता संध्याकाळी ते हातोडी मागतात.
तांब्याच्या पोटावर मठार उमटत जातो,
ठोक्याला ठोका लागून, एकही दुसऱ्यावर चढत नाही.
चेहरा भिंतीकडे.
आत कुणीतरी कामाला आहे
आणि मालकाला पत्ता नाही.

मी चहा ठेवते. मुद्दाम आवाज न करता,
कपाचा कान उलट्या बाजूला.
"चहा झाला का?" ते विचारतात.
"कुठे ठेवलास?"

हात निघालाय.
कपाला वळसा घालतोय पलीकडून,
दोन बोटं आधीच वाकलेली,
कानाएवढी.